पत्रातले मिठुले

खेळातल्या सदतीस नावांपैकी बत्तीस खोडली गेली होती. उरलेल्या पाचांसाठी एस्थर फॉर्म घेऊन आईच्या ओट्यावर येऊन बसली होती, आणि आई काही सही करत नव्हती.

"इथं फक्त नाव लिही," एस्थर म्हणाली. "वारस म्हणून."

"आधी वालाच्या शेंगा सोलू लाग," रिटा, तिची आई, म्हणाली.

तीन वर्षं, बोळिंजच्या फ्लॅटमध्ये दुपारी लेक झोपली की, एस्थर एक खेळ लिहीत होती. टेबलाभोवती चार-पाच जणांनी बसायचं. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक पात्र व्हायचं आणि फासा पडेल तसं पुढं जायचं. रविवारी चर्चमधल्या मिस्सेनंतर एव्हरशाईन सिटीतल्या मित्रमंडळींत तो असा रंगायचा की जेवणं राहायची. आता पुण्याची एक कंपनी तो छापायला तयार होती.

पण कंपनीचं एकदा दुधानं तोंड पोळलं होतं. आधीच्या एका खेळात परदेशी कादंबरीतल्या राक्षसाचं नाव राहून गेलं आणि नोटीस आली. तेव्हापासून ताकही फुंकून पिणं सुरू होतं. त्यांच्या वकीलबाई अक्षया यांनी एस्थरचं सगळं बाड लाल शाईनं रंगवून परत पाठवलं. ही बुटक्यांची जमात अमक्याच्या वारसांची, हे चालतं झाड तमक्या कंपनीचं. एस्थरला त्याचं वाईट वाटलं नाही. उसनी भांडी परत करताना कसलं वाईट वाटायचं?

मिठुले, केळवीर, सांजखाऊ, विहीरमावशी आणि दवपाटील मात्र कुठल्याच पुस्तकात सापडेनात. हे कुणाचे, असं अक्षयानं फोनवर विचारलं तेव्हा एस्थरच्या आवाजात अभिमान आपोआप आला. माझ्या पप्पांचे, ती म्हणाली.

पप्पा मस्कतला होते. एस्थर तीन वर्षांची असताना गेले, ती सात वर्षांची असताना तिकडेच वारले. त्यांचा चेहरा तिला फोटोपुरताच आठवायचा. पण त्यांची पत्रं तिला पाठ होती. उन्हं कलली की आई खाटेवर बसायची, एस्थर तिच्या मांडीवर डोकं टेकायची, आणि आई कागद उंच धरून वाचायची. मिठागरात राहणारे मिठुले, चिमूटभर मीठ दिलं की वाट दाखवणारे. संध्याकाळ गिळून टाकणारा सांजखाऊ, जो लहान मुलीनं हाक मारली की ती संध्याकाळ परत ओकून टाकायचा. एस्थरनं कागद मागितला की आई म्हणायची, तुझ्या पप्पांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, तुला नाही लागायचं. आणि घडी घालून ठेवून द्यायची.

अक्षयानं सगळं ऐकून घेतलं. नुसती नावं असती तर सोडूनही दिली असती, पण इथं नावांबरोबर अख्खं जगच आलंय, ती म्हणाली. लेखकाच्या मागे साठ वर्षं हक्क वारसांचा. मूळ पत्रं दाखवा आणि आईची संमती आणा. मग हसून तिनं विचारलं, वाळवंटात बसलेल्या माणसाच्या डोक्यात एवढ्या केळी कुठून आल्या? घरच्या आठवणीनं, एस्थर म्हणाली.

पण पत्रं मिळेनात. पहिल्या फेरीला आई म्हणाली, वाळवीनं खाल्ली. पुढच्या आठवड्यात म्हणाली, घराची कौलं उतरवली तेव्हा गेली कुठंतरी. आज ती नुसत्या शेंगा सोलत होती. एस्थरची चार वर्षांची इनेझ तेवढी मुठीत मीठ घेऊन विहिरीच्या कठड्यापाशी वाकून बसली होती. तिला आजोबा एवढेच मिळाले होते, या पाच नावांपुरते. ती नावं छापून आली असती तर तेवढे तरी राहिले असते.

एस्थरनं शेंगांची परात बाजूला सारली. गेले पंधरा दिवस मनात वळवळणारं तिनं शेवटी विचारलं.

"आई, पप्पांनी ती नावं कुठल्या पुस्तकातून उचलली होती का?"

रिटाचा हात थांबला.

"खरं सांग. त्यांनी चोरली असतील तर मी खोडते. त्यांच्या नावावर चोरी नको."

"तो चोर नव्हता," रिटा म्हणाली.

"मग सही का करत नाहीस?"

रिटा नातीकडे बघत राहिली. इनेझ विहिरीत तोंड घालून मावशीला हाक मारत होती, आणि विहीर तिला ओ देत होती.

"तुला किती गं आवडायची ती पत्रं," रिटा हळूच म्हणाली. "पोस्टमनची सायकल वाजली की भाताचा घास तोंडात तसाच ठेवून पळायचीस."

"अजून आवडतात."

"तेच ना. म्हणून तर सही होत नाही."

ती गुडघ्यावर हात देत उठली आणि आत गेली. कपाटाचं दार कुरकुरलं. मग ती सुतळीनं बांधलेला एक गठ्ठा घेऊन आली आणि तो एस्थरच्या ओच्यात ठेवला. कागद घड्यांवर इतके झिजले होते की एस्थर श्वास धरून सुतळी सोडू लागली.

वर सत्त्याण्णवच्या जूनचं लाइटबिल होतं. त्याच्याखाली जुलैचं. ऑगस्टचं. मग चर्चची पत्रिका, बियाणांच्या दुकानाचं माहितीपत्रक, पुन्हा लाइटबिल. तिनं तळापर्यंत चाळलं.

"आई, चुकून दुसराच गठ्ठा आणलास."

"नाही बाय. हाच."

रिटानं पदराला हात पुसले, फॉर्म पुढ्यात ओढला, 'मूळ लेखक' या रकान्यात एस्थरनं सुबक अक्षरात लिहिलेलं पप्पांचं नाव एका रेघेनं खोडलं, आणि शेजारी सावकाश स्वतःचं लिहिलं.