ठसका

“कुंदन भाऊजी, आज ही गाडी वणीच्या घाटात नेऊ नका. मागून वाजतेय ती.”

प्रतिभाने तोंड उघडलं तेव्हा पोरं मागच्या सीटवर चढूनसुद्धा बसली होती. कुंदन, तिचा धाकटा दीर, पुढची काच पुसत होता. त्याची बायको चैताली नैवेद्याचा डबा घेऊन पायरीवरच थबकली.

“वर्ष नाही झालं गाडीला, ताई,” ती म्हणाली. “तुम्हाला ती वाजणारच.”

टोला बरोबर जागी बसला. दिवाळीच्या पाडव्याला हार घालून ही पांढरीशुभ्र सात जणांची गाडी अंगणात आली, तेव्हापासून प्रतिभाच्या पोटात दुखत होतं आणि ते दुखणं काही डॉक्टरला दाखवण्यातलं नव्हतं. तिच्या नवऱ्याची अंबडला कंपनीत जायची मोटरसायकल त्या गाडीपुढे म्हशीशेजारी बांधलेल्या करडासारखी दिसायची. त्यातून बसायची वेळ आली की चैताली मधल्या सीटवर ऐसपैस, आणि प्रतिभा, घरची थोरली सून, थेट मागे, चाकांवर, पिशव्यांच्या सोबतीला.

पण मागे बसायची म्हणूनच तिला ते कळलं होतं. नाशकात द्वारका चौकातले खड्डे आले की पाठीखाली हातोडा मारल्यासारखा दणका बसायचा. वळणावर गाडीचा मागचा भाग आपल्याच मनाने डुलायचा. खोटं कशाला सांगा, पहिल्यांदा तो आवाज ऐकला तेव्हा तिला फार बरं वाटलं होतं. वाजतंय मेलं, वाजू दे! अख्खा उन्हाळा तिने ते सुख एकटीने चाखलं, कोणाला म्हणून सांगितलं नाही. आज मात्र त्या मागच्या सीटवर तिची भाग्यश्री बसली होती आणि शेजारी चैतालीचा सनी.

“शोरूमला दाखवलीय, वहिनी,” कुंदन म्हणाला. “मोठ्या गाडीला मागे थोडा आवाज असतोच म्हणाले.”

“मग त्यांना म्हणावं, मागे बसून घाट चढून बघा.”

“गाडीत काही नाही हो,” चैताली म्हणाली. “दृष्ट लागलीय तिला. आणि कोणाची, ते शोधायला गावाबाहेर जायला नको.”

जळणाऱ्याचं खरंही कोणी खरं धरत नाही, आणि ती जळत तर होतीच. भाग्यश्रीला हाताला धरून ओढून काढणं सोपं होतं. पण सनीला कुठल्या तोंडाने खाली उतरवायचं?

ओट्यावर बसलेल्या सासूबाई, नवसाबाई, इतका वेळ नुसत्या ऐकत होत्या. त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

“दृष्ट म्हणता ना? मग काढून बघू. मिरच्याच सांगतील. ठसका नाय आला तर दृष्ट, मग मीबी येते गाडीत. ठसका आला तर दृष्ट नाय, खोट गाडीतच हाय. पोरं खाली उतरतील. कबूल?”

आईपुढे कुंदनचं काय चालणार? तो हसून कबूल झाला. चैताली तर लगेचच झाली. निकाल तिला आधीच ठाऊक होता.

निकाल प्रतिभालाही ठाऊक होता. नवसाबाई आतून मीठ, मोहरी, लाल मिरच्या मुठीत घेऊन आल्या आणि गाडीभोवती ओवाळू लागल्या. “आल्याची, गेल्याची, शेजाऱ्याची, पाजाऱ्याची…” मागच्या चाकाशी त्या जरा थांबल्या. “घरच्याची.” चैतालीने प्रतिभाकडे बघितलं. प्रतिभाने वणीच्या देवीला मनातल्या मनात हात जोडले. आई, मी जळले गं, लई जळले, पण आजच्या दिवस त्या मिरच्यांना कळू देऊ नको.

अंगणाच्या कोपऱ्यात अंघोळीच्या पाण्याचा बंब धगधगत होता. नवसाबाईंनी त्याच्यापुढे वाकून, सगळ्यांकडे पाठ करून, निखाऱ्यांवर मिरच्या टाकल्या.

क्षणभर काहीच नाही. चैतालीच्या ओठांवर हसू फुटायला लागलं आणि तिथेच तिला ठसका लागला. मग कुंदनला लागला. गाडीतली पोरं खोकायला लागली, भिंतीपलीकडून शेजारीण ओरडली. प्रतिभा तर डोळ्यांतून पाणी वाहीपर्यंत खोकली. इतक्या आनंदाने ती जन्मात कधी खोकली नव्हती.

“दृष्ट नाय,” नवसाबाई म्हणाल्या. “उतरा रे पोरांनो.”

कुंदनने नाराजीनेच गाडीचा मागचा भाग दोन्ही हातांनी दाबून सोडला. गाडी खालीवर डोलत राहिली, थांबेचना. तो अंगणात आडवा झाला, चाकामागे डोकावला आणि उठला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

“शॉकअप गेलंय. सगळं तेल गळलंय. एसटीने जाऊ.”

चैतालीने सनीला पोटाशी धरलं. मग पाण्याचा तांब्या घेऊन ती आपणहून प्रतिभाकडे आली. “ताई, मी उगाच बोलले तुम्हाला.”

“असू दे गं,” प्रतिभा मोठ्या मनाने म्हणाली. तिला एकदम हलकं वाटत होतं. मिरच्यांनीच साक्ष दिल्यावर आता कोण काय बोलणार? वाटलं, आपण उगाच स्वतःला नावं ठेवत होतो. इतकी काही आपण जळत नसणार.

तांब्या ठेवायला ती बंबाकडे गेली. नवसाबाई अजून तिथेच उभ्या होत्या. त्यांनी इकडेतिकडे बघून डावी मूठ उघडली. घामेजलेल्या तळहातावर मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या तशाच होत्या.

“ह्या ओवाळलेल्या,” त्या हळूच म्हणाल्या. “बंबात टाकल्या त्या मिरच्यांच्या डब्यातल्या, कनवटीला आणलेल्या.”

“असं का केलंत, आई?”

“पोरं उतरवायची व्हती ना, बाई.” नवसाबाईंनी मूठ मिटली. “ह्या टाकल्या असत्या तर कुणाला साधी शिंक आली नसती.”