मागची सीट

पाच वर्षांत गाडीच्या मागच्या सीटचं लेदर आई बसते त्या बाजूला पार सैल पडलं होतं. "आमच्या मातोश्रींच्या वजनाची कृपा, दुसरं काय!" सीटवाल्यासमोर मी विनोद मारला. शेजारी उभी असलेली आईही हसली.

सीटवाल्याने लेदरवरून हात फिरवला. "वजनाचा दोष नाही साहेब. फक्त पुढची कड ताणलीय. पाठीचं लेदर बघा, कोरं करकरीत! इथे बसणारं माणूस कधी मागे टेकलेलंच नाही."

मी आईकडे पाहिलं.



"गाडी आणलीस त्या दिवशी तूच म्हणालास ना, केसांचं तेल लागेल, टेकू नकोस? बघ, एक डाग पडू दिला नाही मी!"