अडीचच्या बांगड्या

ताईचा लग्नाचा चुडा भरून झाल्यावर मी कासारीणबाईंपुढे हात धरला. मागच्या वर्षी मला अडीचच्या बांगड्या लागायच्या. आज सव्वादोनच्याही हात न दाबता चढल्या आणि किणकिणत कोपरापर्यंत गेल्या. मी पीस होऊन तरंगत होते.

"फार कडक उपास करते," आई कौतुकानं म्हणाली.

कासारीणबाईंनी माझा हात सोडला नाही. "कुठल्या देवाचे गं?"

सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी. सगळे देव डोळ्यांपुढून ढगांसारखे सरकत गेले. त्यांतल्या कुणीच काही मागितलं नव्हतं.

"आई, मला जेवायची भीती वाटते," मी म्हणाले. "डॉक्टरांकडे नेशील?"

आईनं माझं मनगट धरलं. तिची बोटं एकमेकांवर चढली.

कासारीणबाईंनी बांगड्या उतरवल्या. "तुझ्या अडीचच्या बांगड्या बाजूला काढून ठेवते," त्या म्हणाल्या.