मम्मी शोधा

"अगं, सगळं सापडलं की तुला. एकच तर राहिलंय." दीप्तीने दप्तर खाटेवर फेकलं आणि धाकट्या बहिणीला ढकलून तिच्याच खुर्चीत अर्धी जागा करून घेतली.

लॅपटॉप नंदकाकांचा, जुना. त्यावर धड चालणारा गेम एकच. इजिप्तमधल्या कुठल्याशा राजाची कबर, आत नुसता पसारा, आणि त्या पसाऱ्यातून खाली लिहिलेल्या वस्तू शोधायच्या. साप, दिवा, मडकं, सोन्याचा भुंगा. क्लिक केलं की वस्तू चमकायची, उडायची आणि यादीतून तिचं नाव खोडलं जायचं. गेमचं मराठी कुणी केलं होतं कुणास ठाऊक, 'ममी'च्या जागी 'मम्मी' लिहून ठेवलं होतं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा दीप्ती पोट धरून हसली होती. मीरा हसली नव्हती. मीरा दुसरीत होती, आणि ती आईला मम्मीच म्हणायची.

आता यादीत तेवढंच एक नाव उरलं होतं. मीरा रोज संध्याकाळी गेम उघडायची, गालाला हात लावून बघत बसायची आणि बंद करायची. पुढची कबर काही उघडत नव्हती.

"चष्मा लावायला पाहिजे तुला," दीप्ती म्हणाली.

दीप्ती सध्या हवेत होती. विहारातल्या वक्तृत्व स्पर्धेत तिचा पहिला नंबर आला होता. वर्गात हजेरी देतानासुद्धा जिचा आवाज फुटत नसे, तिचा. भाषणाची तयारी करून घेणारे नितेशसर हॉलच्या पार मागच्या भिंतीला टेकून उभे राहायचे आणि म्हणायचे, आवाज शेवटच्या माणसापर्यंत गेला पाहिजे. आता तो जायचा. दीप्तीने घरात पाणी मागितलं तरी खालच्या मजल्यावर कळायचं. बक्षिसाचा कप फ्रिजवर ठेवला होता, दारातून येणाऱ्याला आधी तोच दिसावा असा.

आणि नजर तर तिची आधीपासूनच भारी. मम्मी घर सोडून गेली तेव्हा पप्पा आणि नंदकाका घाटकोपर पालथं घालून आले, पत्ता नाही. शोधलं कुणी, तर दीप्तीने. कुणाच्या तरी लग्नाच्या रीलमध्ये. नवरी पार्लरमध्ये नटून बसलेली, मागे आरसा, आणि आरशाच्या कोपऱ्यात पिना धरलेला एक हात आणि अर्धा चेहरा. दीप्तीने रील थांबवली आणि पप्पांना हाक मारली. पार्लर कांदिवलीचं होतं. पप्पा आणि नंदकाका त्याच संध्याकाळी गेले. तिथे काय झालं ते कुणी सांगितलं नाही. पप्पा परत आले तेव्हा त्यांच्या शर्टाचं वरचं बटण तुटलेलं होतं. दुसऱ्या दिवशी पार्लरवालीने मम्मीला कामावरून काढलं. मम्मीचा नंबर बंद झाला आणि ती पुन्हा दिसेनाशी झाली.

मम्मी का गेली हे घरात कुणी बोलत नसे. पप्पांचा हात उठायचा हे माहीत सगळ्यांना होतं. शकुआजी शेजारणींना एवढंच सांगायची, "काय नजर आहे गं आमच्या पोरीची." दीप्तीला तेही आवडायचं. तिला वाटायचं, मम्मी एकदा परत सापडू दे. या वेळी ती स्वतः मध्ये बसेल आणि दोघांशी बोलेल. आता तिला बोलता येत होतं ना.

"सरक." तिने माऊस ओढला. "खांबाच्या मागे बघ. उभी पेटी दिसते? त्यात पट्ट्या गुंडाळलेलं काय आहे ते?"

"ताई, नको ना."

"नको काय? पुढची लेव्हल नको तुला?"

"नको."

दीप्तीने क्लिक केलं. मम्मी चमकली, उडाली आणि गेली. पेटी रिकामी राहिली. लॅपटॉपमधून टाळ्या वाजल्या. 'शाब्बास. सर्व वस्तू सापडल्या.'

मीराने ओठ मुडपले. रडली नाही. "मला पहिल्याच दिवशी दिसली होती," ती म्हणाली.

"मग क्लिक का नाही केलंस, येडे?"

"सापडली की जाते."

दीप्तीचा हात माऊसवर तसाच राहिला. मीराने आजी मोरीत आहे ना ते पाहिलं आणि ताईच्या कानाशी तोंड नेलं.

"ती माझ्या शाळेसमोर पण असते. झेरॉक्सच्या दुकानापाशी. तोंडाला ओढणी बांधून. आजी मला घ्यायला येते ना, तेव्हा. मी नुसती बघते. हाक नाही मारत. आजीला पण नाही सांगितलं."

दीप्तीला आनंद झाला. इतक्या महिन्यांचा साठलेला. तो कुजबुजीत मावणारा नव्हता.

"मम्मी तुझ्या शाळेच्या गेटवर येते?"

आवाज शेवटच्या माणसापर्यंत गेला.

मीराने दोन्ही हातांनी तिचं तोंड दाबलं. तोवर उशीर झाला होता. दारात पप्पा चपला काढत होते. एक पाय चपलेत, एक बाहेर, तसेच ते थांबले. मग आत आले, फ्रिजवरच्या कपाकडे न बघता सरळ मीरापाशी गेले, तिच्या केसांवरून हात फिरवला आणि कधी नव्हे इतक्या मऊ आवाजात विचारलं,

"तुझी शाळा किती वाजता सुटते गं, बाळा?"