उशिरा आलेला श्रोता

प्राणिप्रयोगशाळेत वाढवलेल्या डुकराचं हृदय छातीत घेऊन दिगंबरबुवा आज पहिल्यांदाच कीर्तनाला उभे राहिले. नामाचा गजर टिपेला पोचला, श्रोते डोलू लागले, पण बुवांची छाती शांतच. एरवी नामासरशी धावणारं काळीज जागचं हललं नाही. भक्तीच कापून काढली की काय, या धास्तीत त्यांनी कशीबशी आरती उरकली आणि केशवकाकांना ते बोलून दाखवलं.

“अहो, डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या ना, हृदयाचे मज्जातंतू तुटलेत, मेंदूचा निरोप आता रक्तातून, उशिरा पोचणार,” तबल्याला गवसणी घालत केशवकाका म्हणाले. “पाहुणा नवा आहे बुवा, वाट विचारत येईल!”

इतक्यात बुवांच्या छातीत धडधड सुरू झाली. त्यांनी चिपळ्या पुन्हा उचलल्या.

“काका, गवसणी काढा. एक श्रोता आत्ता येऊन बसलाय.”