अकराच्या तारा

नाकातला केस.

छताला लोंबणारं जळमट.

दाढी न फुटलेल्या पोराची मिशी.

शिवणाचा दोरा, तोही उसवलेला.

ही सगळी इतर गिटारवाल्यांच्या तारांची वर्णनं. ती करणारा माणूस वाद्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर मांडीवर इलेक्ट्रिक गिटार घेऊन खुर्चीत रेलला होता. चाहते त्याला पोलाद म्हणत. कार्यक्रम तुलनेचा होता: कुणाचा सूर मोठा? सूर केव्हाच बाजूला पडला होता. समोरच्या जमातीला कुणाची तार किती जाड, एवढंच हवं होतं. तारेला आकडा असतो. आकडा मोठा तितकी तार जाड, आणि तार जाड तितका वाजवणारा मर्द, असा त्यांचा सरळ हिशेब. पोलाद अकराच्या तारा लावतो, हे तिथल्या प्रत्येकाला स्वतःच्या रक्तगटापेक्षा पक्कं पाठ होतं.

एकजण उठला. "सर, गिटारच्या पायाखालच्या पेडलमधली बॅटरी अर्धी उतरलेली असली की सूर गोड लागतो म्हणतात. खरं का?"

"डोक्यातली उतरलेली असली की लागतो," पोलाद म्हणाला.

टाळ्या. विचारणारासुद्धा टाळ्या वाजवत खाली बसला.

शेजारच्या खुर्चीत दुसरा गिटारवाला होता, रेशीम. हे नाव पोलादनेच पाडलेलं. रेशीम नऊच्या तारा लावायचा आणि ते लपवायचाही नाही. तो वाजवायचा कसा, याबद्दल पोलाद कधी अवाक्षर काढत नसे. बोलायला तारा होत्या ना.

पोलादची बायको पहिल्या रांगेच्या टोकाला बसली होती. तिला या सगळ्या बाप्यांची कीव येत होती. आणि धास्तीही वाटत होती, कारण नवऱ्याच्या मांडीवरच्या गिटारला अकराच्या तारा नव्हत्याच. आठाच्या होत्या. तिनेच चढवलेल्या. त्याच्या बोटांचे सांधे सुजायला लागले होते. सकाळी शर्टाचं बटण लागेना, नळ फिरेना. विचारलं की म्हणायचा, नळच खराब आहे. डॉक्टरचं नाव काढलं की दुसऱ्या खोलीत जायचा. मग तिने परस्पर मार्ग काढला: तार जितकी बारीक, तितका बोटांना जोर कमी. अकराच्या रिकाम्या पाकिटात दहाच्या तारा. काही महिन्यांनी नऊच्या. मग आठाच्या. त्याला याचा पत्ता नाही, असं ती धरून चालली होती. इतक्या हळूहळू उतरलं तर कुणाला काय कळतंय?

"आता एक गंमत!" निवेदक ओरडला. "दोघांनी एकमेकांच्या गिटारी घ्यायच्या!"

आता रेशीमच्या बोटांना खरा आकडा कळणार होता.

पोलादने रेशीमची गिटार घेतली. "दोरा तुटला तर सुई आणलीयस ना रे?" म्हणाला. हशा झाला. त्याने तार दाबली आणि बोटाने वर ढकलली. तार अशी ढकलून सूर चढवत न्यायचा, हीच तर त्याची ख्याती. सूर अर्ध्या वाटेत अडकला. त्याने पुन्हा ढकलली. तिथेच. त्याने बोट झटकन उचललं. ते फक्त तिला दिसलं.

"जोर करत नाही," पोलाद म्हणाला. "परक्याची वस्तू. तुटायची."

खोली खदखदून हसली. लोकांना अडकलेला सूर ऐकू आलाच नव्हता. ते तारा बघायला आले होते.

मग रेशीमने पोलादची गिटार मांडीवर घेतली. तारेवर बोट टेकवलं आणि थांबला. पुन्हा टेकवलं. मग मान वर केली, पण पोलादकडे नाही, तिच्याकडे बघितलं. आठाच्या आहेत, एवढंच म्हणायचा अवकाश होता. सगळे टोमणे एका फटक्यात परत गेले असते, आणि पोलाद हे नाव त्याच खोलीत गळून पडलं असतं.

तिने मान हलवली. जेमतेम. नको.

"बाप रे, दादा!" रेशीम किंचाळला. "या वाजवायच्या, की यांवर चादरी वाळत घालायच्या?"

त्याने तार ढकलल्याचं सोंग केलं, मुद्दाम बेसूर आवाज काढला आणि बोटावर फुंकर मारत गिटार परत केली. लोक हसून लोळले. पोलादने खुर्चीतल्या खुर्चीत अभिवादन स्वीकारलं.

जिन्यात रेशीम तिच्या शेजारून खाली उतरला. "येतो, वहिनी," एवढंच म्हणाला.

गाडी तीच चालवत होती. शेजारी पोलाद सुटला होता. "बघितलंस त्याचं तोंड? फुंकर मारत होता! अगं, याला बाळंतविडा शिवायला बसवा. म्हणे गिटारवाला!"

"पुरे करा हो!" तिने गाडी कडेला घेतली. "त्या माणसाने आज तुमची..."

"तारा जुन्या झाल्यात," तो मध्येच म्हणाला. दोन्ही हात काखेत दाबून बसला होता. "उद्या बदल."

तिने त्याच्याकडे बघितलं. पुढचा प्रश्न तिने आजवर कधीच विचारला नव्हता.

"कुठल्या लावू?"

तो खिडकीबाहेर बघत राहिला. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, एका बंद दुकानाचं शटर होतं.

"नेहमीच्याच."

तिने पहिल्यांदा दहाच्या तारा चढवल्या, त्या संध्याकाळी त्याने एकच सूर ओढून बघितला होता, गिटार भिंतीला टेकवली होती आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हटलं होतं, "यापुढे तारा तूच लावत जा."