कवळ्यांचा दवाखाना

विकीनं जीप थांबवली आणि शालनची नजर काचेच्या कपाटावर गेली. आत कवळ्या मांडलेल्या. गुलाबी हिरड्या, पांढरेशुभ्र दात, एकीशेजारी एक.

“आरं, हा दातांचा दवाखाना हाय.”

“मग? डाक्टर हाय की,” विकी म्हणाला. “आमच्या आईची कवळी हितंच केली. बारामतीत दुसऱ्या कुणाला वळखतो मी?”

शेजारचं पोर हे. लासुर्ण्यापासून उसाच्या बैलगाड्यांतनं वाट काढत, जिवाचं रान करून आणलं त्यानं, खोटं कशाला बोला. पण आणून उभं कुठं केलं? नवऱ्याला धनुर्वात झालेला, आणि हा बहाद्दर कवळ्यांच्या दारात.

धनुर्वाताबद्दल शालनला शंका उरली नव्हती. पंधरवड्यामागं महिपतीच्या टाचेत तोडलेल्या उसाचा बुडखा घुसला. दवाखान्यात जाऊन सुई टोचून घेतो म्हणाला, तर तीच म्हणाली होती, “एवढ्याशाला सुई कशाला? हळद दाबा.” आणि आता दातखीळ बसलेली. रोज पहाटे न्हाणीत खळाखळा गुळण्या करून गल्ली जागी करणारा माणूस. शालन त्यावरनं रोज त्याला बोलायची. गेले दोन-तीन दिवस न्हाणी गप्प होती. सकाळी त्याच्या आत्यानं, ठमाबाईनं, मिटलेलं तोंड बघितलं आणि पाव्हण्यारावळ्यांना सांगावे धाडले सुद्धा.

“दुसरीकडं चल,” असं शालन म्हणेपर्यंत महिपती आपल्या पायानं पायऱ्या चढला होता.

डॉक्टर करुणा म्हणजे शालनच्या धाकट्या बहिणीच्या वयाची पोर. शालननं तिला बुडख्यापासून सगळं सांगितलं. हळदीचंही सांगितलं, आणि तिथं तिला रडू आवरेना. डॉक्टर हसली नाही. आधी टाच बघितली. मग महिपतीला हनुवटी छातीला टेकवायला लावली, पोट दाबून बघितलं. सगळं झाल्यावर गाल बोटानं बाजूला ओढून तिनं आत बॅटरी मारली, तसा महिपती गोऱ्ह्यासारखा हुंकारला.

“ताई, हा धनुर्वात नाही. यांची अक्कलदाढ आहे.”

शालनला वाटलं, बाई आपली समजूत काढतीय. “दाढंनं कुठं तोंड मिटतंय व्हय?”

“मिटतं. ही दाढ सगळ्यात शेवटी येते. तोवर जबड्यात जागाच उरलेली नसते. यांची आडवी पडलीय आणि पुढच्या दाढेला ढुसण्या देतीय. अर्धी हिरडीखाली, अर्धी वर. त्या फटीत घास अडकतो, पू धरतो, सूज चढते. मग जबडा उघडायचा कसा?”

“मग उपटा की ती.”

“उपटायचीच आहे. सरळ आली असती तर राहू दिली असती. ही ठेवली तर शेजारची चांगली दाढ कुजवेल आणि हे दुखणं परत परत येईल. पण आधी सूज उतरू दे. गोळ्या देते, कोमट मिठाच्या पाण्यानं गुळण्या करायच्या. पुढच्या आठवड्यात आणा, काढून टाकू.” मग तिनं टाचेकडं बोट केलं. “आणि धनुर्वाताची सुई आजच देते. हळदीवर पुन्हा भागवायचं नाही.”

“म्हंजे मरत न्हाईत?”

“वेळेवर आणलंत. नाही मरत.”

डॉक्टरचा हात शालननं दोन्ही हातांत धरला तो सोडवेना. बाहेर आल्यावर विकीच्या तोंडावरनं हात फिरवून तिनं आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. “तुला दुसरा डाक्टर म्हाईत न्हवता, लई उपकार झालं बाबा,” ती म्हणाली. विकीला यात आपली तारीफ किती हे काही कळलं नाही.

जीप लासुर्ण्यात शिरली तर दारात ही गर्दी. ठमाबाईनं लांबनंच हंबरडा फोडला, “कुठं निघालास रं माझ्या वाघा!” तेवढ्यात वाघ पुढच्या सीटवरनं खाली उतरला. तोंड उघडत नव्हतं, म्हणून सगळ्यांना त्यानं हात जोडले. ठमाबाईचा सूर अर्ध्यावर राहिला.

“आत्या, अक्कलदाढ हाय,” शालन म्हणाली. “दुसरं काय न्हाय.”

ठमाबाईनं पदरानं डोळे पुसले. भाच्याच्या गालावरनं, सुजेवरनं, हलक्या हातानं बोटं फिरवली. मग तिला दारातली माणसं आठवली. “आन् एवढी मानसं गोळा केली मी, त्यांचं काय?”

“जेवून जातील की.”

शालननं चूल पेटवली. आज या घरात चूल पेटायची नव्हती, हे मनात आलं तसं तिनं आणखी एक लाकूड आत सारलं. आधी मिठाचं पाणी कोमट केलं आणि तांब्या महिपतीच्या हातात दिला. मग मोठी परात ओढून पीठ घेतलं.

न्हाणीतनं आवाज आला. मिटल्या दातांतनं निघालेला, बारीक, खुळखुळ.

शालनचा भाकरीवरचा हात थांबला. तिनं न्हाणीकडं तोंड केलं.

“हितं ऐकू येईना,” ती म्हणाली. “जरा मोठ्यांदा करा.”